पास्कल शिपवरून येतो

फ्लोरा चाकांची नवी कोरी बॅग ओढत केंद्राच्या अंगणात शिरली, तेव्हा दारावरचा पोलीसही गोंधळला. सकाळपासून इथून माणसं बोचकी घेऊन बाहेर पडत होती. बॅग घेऊन आत येणारी ही पहिलीच.

"पेशंट ठेवायला आलात का? आता नाही घेत. आज बंद होतंय हे."

"न्यायला आले," फ्लोरा म्हणाली. "नवऱ्याला."

कामणच्या गोदामांमागचं हे मनोरुग्णांचं निवासी केंद्र. परवाना नव्हताच, आणि तपासणीला आलेल्यांना मागच्या खोलीत साखळ्या सापडल्या. मग हुकूम निघाला. ज्यांचं कोणी येईल त्यांनी घरी जायचं, बाकीच्यांनी सरकारी इस्पितळाच्या बसमध्ये बसायचं. बस उभीच होती. अंगणात माणसं उन्हात बसून होती, सगळ्यांची डोकी भादरलेली.

त्यातून स्वतःचा नवरा शोधायला फ्लोराला वेळ लागला, आणि त्याची तिला लाज वाटली. पास्कलने मात्र तिला लगेच ओळखलं. "आलीस?" एवढंच म्हणाला. बायको जणू सकाळी मासळी विकायला गेली होती आणि आता परतली होती.

तपासणी पथकातली विनया गोळ्यांची पिशवी घेऊन आली. "मावशी, गोळ्या एक दिवसही चुकवू नका. पायाला मलम लावा. आणि घरी एकदम गर्दी करू नका हं त्यांच्याभोवती."

गर्दी करू नका म्हणे! रविवारी देवळात मिस्साला फादरनी रिचेलच्या ठरलेल्या लग्नाची सूचना पहिल्यांदा वाचली होती, 'पास्कल आणि फ्लोरा यांची कन्या' म्हणून, आणि तेव्हापासून अख्खं पाचूबंदर एकच विचारत होतं, पास्कल शिपवरून कधी उतरतोय? तो शिपवर नोकरीला आहे, असंच फ्लोराने इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं. वसईत हे खोटं सहज खपतं, कारण ज्याच्या त्याच्या घरातलं कोणीतरी शिपवर असतंच. नाताळात ती मुंबईहून परदेशी चॉकलेटं आणायची आणि पास्कलनं पाठवली म्हणून आळीत वाटायची. त्याच नाताळात केकचा डबा इथल्या फाटकावर देऊन जायची. आत सोडत नसत. भेट झाली की पेशंट बिघडतात, असं सांगत. खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटायचं.

तिने व्हरांड्यात बॅग उघडली. शर्ट, पँट, मोजे, बूट, टोपी, सेंटची बाटली. पास्कलने न सांगता हात वर केले आणि तिने त्याचा मळका सदरा काढला. बरगड्या बघून तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने नव्या शर्टाची बटणं लावली. घोट्याभोवती काळा वण होता. त्यावर तिने मोजा वर ओढला. बूट मात्र काही केल्या चढेनात, अनवाणी राहून पाय पसरले होते. शेवटी बूट बॅगेत गेले आणि चपलाच राहिल्या.

"आता ऐक," ती हळू आवाजात म्हणाली. "कोनी इचारलं, कुठं होतास, तर काय सांगशील?"

"हितं."

"हितं नाय. शिपवर."

"शिपवर," पास्कल म्हणाला.

"जेवन कसं होतं शिपवर?"

पास्कलने बराच विचार केला. "जेवन द्यायचे नाय."

"तसं नाय बोलाचं. चांगलं होतं म्हन."

"चांगलं होतं."

बाजूच्या पायरीवर श्रीरंग नावाचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. चंदनसारचे, एके काळी बँकेत होते. त्यांचा मुलगा सकाळपासून फोन उचलत नव्हता. ते सरकत सरकत जवळ आले.

"ताई, मीसुद्धा शिपवर होतो," ते अदबीने म्हणाले. "मलाही विचारा ना. मी सगळी उत्तरं नीट देईन."

फ्लोराने बॅगेतून सेंटची बाटली काढली. विनयाने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना बसकडे नेलं. जाताना ते मान वळवून वळवून सांगत राहिले, "जेवण चांगलं होतं! जेवण फार चांगलं होतं!"

फ्लोराने नवऱ्याच्या मनगटांना सेंट चोळलं, भादरलेल्या डोक्यावर टोपी चढवली आणि दोन पावलं मागे होऊन त्याला पाहिलं. चालून गेलं असतं. माणूस वाळला होता, पण समुद्रावर माणसं वाळतातच. रिचेलच्या सासरच्यांना हात जोडील, देवळात पुढच्या बाकावर बसेल, फोटोत उभा राहील. पोरीचं लग्न मोडायला नको, बस. बाकी तिला काही नको होतं.

बाहेर तिने भाड्याची पांढरी गाडी उभी केली होती, विमानतळावरून आल्यासारखं दिसावं म्हणून. ड्रायव्हरने बॅग मागे टाकली. तोवर बस निघून गेली होती. पोलिसाने केंद्राच्या दाराला कुलूप घातलं आणि एक कर्मचारी त्यावर लाखेचं सील लावू लागला.

पास्कल गाडीच्या दारावर हात ठेवून ते बघत राहिला.

"फ्लोरा, शिपवाल्यांची सुट्टी संपते ना?"

"संपते की. बस आत."

तो बसला नाही. लग्नापर्यंतचं सगळं तिने ठरवून ठेवलं होतं, अगदी त्याच्या सुटाच्या रंगापर्यंत. त्यापुढचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मंग मना परत कुठं सोडशील?" पास्कलने विचारलं.