झडपेची अंगाई

चंद्रावरच्या वस्तीत पाळणाघरातली हवा विरळ होत चालली होती, आणि दाबाची झडप सुमित्राला चाक फिरवू देईना.

"हात शांत नाही," झडप पुन्हा म्हणाली.

"आत माझं लेकरू आहे, मेले! शांत कशी राहू?"

"भांडू नकोस गं तिच्याशी," शेजारी उभे असलेले धोंडूमामा कळवळले. "ड्युटी तुझी, ती तुझाच हात ओळखते."

दात आवळून सुमित्रानं अंगाई धरली, "नीज गं लोखंडाच्या बाई, नीज..." हळूहळू चाकावरच्या हातातली तिची नाडी संथ झाली आणि चाकाचं कुलूप सुटलं. तिनं चाक जरासं फिरवलं, थांबून दाबाचा काटा पाहिला, मग पुन्हा जरासं. काटा हिरव्या खुणेवर आला.

आत बाळानं टाहो फोडला.

"हात शांत नाही," झडप म्हणाली.

"नसू दे, बाई," म्हणत सुमित्रा तिलाच टेकून रडू लागली.