तीन नंबरचा वाफा

काटा ऐनाच्या फांदीला टांगला होता. पाचव्या वाफ्याची रताळीही पहिल्या चार वाफ्यांइतकीच भरली. गुणवंतने काटा झटकला, टोपली रिकामी करून पाहिली, पुन्हा वजन घेतले. काटा बिचारा खरेच बोलत होता. पाचही वाण सारखेच उतरले होते.

त्यातला तीन नंबर गुणवंतने स्वतः तयार केलेला. कित्येक वर्षे तो त्याच्यामागे होता. शेतीखात्याच्या ऑफिसात त्याला सगळे ‘रताळेसाहेब’ म्हणत, आणि खरे सांगायचे तर त्याला ते आवडे. वडशाच्या चाचणीत तीन नंबरने बाकीच्यांना कुठच्या कुठे मागे टाकले होते. सिरोंच्याला गोदावरीकाठच्या गाळातही तोच पुढे. उरले होते एटापल्ली. इथल्या मुरमाड जमिनीत तो सरस ठरला, तरच नव्या गडचिरोली जिल्ह्यात त्याचे वेल वाटायचे, असे त्याचे वरिष्ठ वामनराव यांनी आधीच बजावले होते.

वामनराव मायाळू माणूस, पण वजनापुढे कुणाची भीड ठेवत नसत.

“गुणवंतराव, जंगलाच्या मातीत याचं काही चालत नाही,” ते म्हणाले. “नाद सोडा आता.”

ते जीपकडे वळले. गुणवंतला भरून आले. तो वाफ्यांवरच्या नंबरांच्या खुंट्या उपटू लागला.

शेत केसरबाईचे होते. लावणीपासून वेलांचे सगळे तिनेच पाहिले होते. उकडलेली रताळी पळसाच्या पानावर घेऊन ती आली आणि गुणवंतचा चेहरा पाहून थबकली.

“काऊन साहेब, रताळे चांगले नाई आले का? मीनं तं लय जीव लावला.”

“चांगली आली, बाई. पण खत सगळ्यांना सारखंच घातलं होतं ना?”

“लावताना घातलं ना, तुमच्या समोरच. मंग पोळ्याच्या टायमाले एक नंबर पिवळा पडला, त्याले अजून शेणखत टाकलं. दोन नंबर त्याच्याहून मरतुकडा, त्याले दुप्पट टाकलं. पाणी गेल्यावर चार अन् पाच नंबर सुकाले लागले, तं नाल्यावरून घागरी आणून घातल्या. रोडावलेल्या लेकराले माय दोन घास जास्तच देते ना, साहेब?”

गुणवंतने कपाळाला हात लावला. वाणांची तुलना करायची, तर एकाला द्यायचे तेवढेच दुसऱ्याला, हे त्याने तिला परोपरीने सांगितले होते. तिने मानही डोलावली होती. पण सुकणारा वेल रोज डोळ्यांसमोर दिसल्यावर तिला राहवले नव्हते. आता रागावणार तरी कुणावर? अख्खा हंगाम पाण्यात गेला होता.

वामनरावांचा एक पाय जीपमध्ये होता. तो त्यांनी खाली घेतला.

“आणि बाई, तीन नंबरला काय काय दिलं?”

केसरबाई एकदम ओशाळली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“त्याच्यावर अन्यावच झाला, साहेब. तो आपल्या आपल्यानं वाढून राह्यला होता, म्हणून त्याच्याकडे मीनं पाह्यलंच नाई. त्याले काहीच नाई देल्लं.”