हँग न होणारी मशीन

"मले माही जुनी मशीन पायजे!" लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या जानरावांनी टेबलावर असा हात आपटला, की मूर्तिजापूर तहसीलसमोरचे सगळे अर्जवाले माना वळवून पाहू लागले.

पायल त्यांची लेक. अमरावतीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. महिन्यापूर्वी तिनं बापाच्या कॉम्प्युटरवरची, व्हायरसनं पोखरलेली, घडीघडी हँग होणारी विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं. टाकताना बापाचा स्वभावही ध्यानात ठेवला होता. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर तेच, कळा त्याच, प्रतिज्ञापत्रांचे जुने नमुने होते तिथंच. पडद्यावरचं बुद्धाचं चित्रसुद्धा तिनं हलवलं नव्हतं. तरी महिनाभर फोनवर फोन, तक्रारीवर तक्रार. आज ती कॉलेज बुडवून आली होती आणि तिचंही डोकं तापलं होतं.

"बाबा, अडलं काय ते तं सांगा! फाईल सापडत नाही? प्रिंट निघत नाही?"

"निघते."

"हँग होते?"

"नाही होत!" जानराव ओरडले. "महिना झाला, एकदाबी नाही!"

"मंग राग कशाचा येऊन राहिला तुमाले?"

ते जानरावांनाही सांगता येईना. पण तळपायाची आग मस्तकात जात होती, एवढं खरं. आता दिवसाला पूर्वीच्या दुप्पट कागद निघत. त्यातल्या निम्म्यांवर एकच मजकूर. माझ्या पतीचे निधन झाले असून मी त्यांची कायदेशीर वारस आहे. मायबाप सरकारला माणूस मेल्याचं सतरा ठिकाणी लिहून पाहिजे होतं आणि ते लिहिणारे हात यांचे होते. टेबलाशेजारचा बाक महिनाभर रिकामाच होता. समोरचा चहावाला किसनराव कालच विचारून गेला होता, "जानरावभाऊ, तुमची हाकच येत नाही आता. चहा सोडला का?"

बापलेकीचं भांडण चालू असतानाच कुरुमकडची एक बाई पुढे झाली. तिशीही उलटली नसेल. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. जानराव मुकाट्यानं टाइप करू लागले. तिचं नाव शकुन. नवऱ्याचं नाव. गाव. तालुका. मशीन सुसाट चालत होती.

"वारल्याची तारीख सांग, माय."

शकुननं तोंड उघडलं. पदराचा बोळा तोंडाशी गेला. रांगेतला एक जण मागून खेकसला, "लवकर सांगा ना बाई! आमाले बी कामं हायेत."

जानरावांनी पडद्याकडे पाहिलं. मशीन तारखेची वाट पाहत तयारच होती. जुनी असती तर एव्हाना हटकून हँग झाली असती. मग ही बाई बाकावर बसली असती. चहा प्याली असती. कसा होता तिचा नवरा, ते दोन शब्दांत कोणाला तरी सांगितलं असतं. हिला मात्र रडायलाही सवड नाही, कारण मशीन चांगली आहे.

त्यांनी दातओठ खाल्ले. टेबलाखाली पाय सरकवला आणि अंगठ्यानं विजेच्या बोर्डाचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"मशीन बंद पडली, माय," ते म्हणाले. "बस त्या बाकावर. ओ किसनराव, चहा आणा!"

शकुन बाकावर बसली आणि मोठ्यानं रडली.

रांगेतला माणूस आता पायलवर उखडला. "काहून वो मॅडम? आत्ताच तं तुमचे बाबा म्हणत होते, हे हँग होत नाही म्हणून!"

पायलनं बापाचा पाय पाहिला होता. ती शकुनच्या शेजारी जाऊन बसली.

"होते ना काका," ती म्हणाली. "आता अर्धा तास तरी नाही चालत."