वाडग्याचा तळ

स्वरालीच्या हातून वाडगा फुटला.

फोटो काढायच्या आधी जरा धूळ पुसावी, म्हणून तिनं ओला स्पंज घेतला होता. दोनदा घासलं नाही तोच तळातला रुपयाएवढा तुकडा निखळून सिंकमध्ये पडला आणि पाण्यात विरघळून त्याचा पांढरा गाळ झाला. नऊशे वर्षांचा, भाजलेल्या मातीचा वाडगा! बर्मिंगहॅमच्या या छोट्याशा संग्रहालयाचे प्रमुख शशिधर सर तरुणपणी अमेरिकेत प्युब्लो या तिथल्या मूळनिवासी लोकांची प्राचीन घरं खणायला गेले होते, तेव्हा त्यांना तो मिळालेला. "चुलीपाशी सापडला, अगदी अखंड," असं ते येईल त्याला सांगायचे.

स्वराली इथल्या वस्तूंचे फोटो कॉम्प्युटरवर चढवायच्या कामाला होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, मग गाशा गुंडाळून थेट नागपूर. त्यात उद्याच प्युब्लो लोकांतल्या एक आजी हाच वाडगा बघायला येणार होत्या. देवा रे, आता काय करू?

तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून भिंतीच्या भेगा बुजवायचा फिलर आणला, भोक बुजवलं, वरून चहाच्या पाण्याचा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी आजींनी वाडगा हातात घेतला. त्यांचा अंगठा तळावरून फिरू लागला तशी स्वराली एक पाऊल मागे सरकली.

"आमचे पूर्वज मेलेल्या माणसाला घरातल्याच जमिनीखाली पुरायचे," आजी सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "तोंडावर वाडगा पालथा घालायचे. त्याच्या तळाला मुद्दाम भोक पाडायचे, जीव मोकळा व्हावा म्हणून. वाटलं होतं, हा तसलाच असेल. घरी नेऊन परत मातीत ठेवला असता."

"कबरीतला असता तर मीच तुमच्या हाती दिला असता," सर म्हणाले. "पण बघा ना, तळ अखंड आहे."

 स्वरालीनं आता खरं सांगायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

आजींनी वाडगा दोन्ही हातांनी खाली ठेवला, डोळे पुसले आणि त्या टॅक्सीत बसून गेल्या. वाचले गं बाई, स्वराली मनात म्हणाली.

सरांनी दार लावलं. वाडगा उजेडात धरून तळावर नख घासलं.

"स्वराली, भोक तू बुजवलंस ना?"

तिची बोबडी वळली. "सर, आय अ‍ॅम सो सॉरी, मी मुद्दाम नाही..."

"अगं, घाबरतेस कशाला?" सर हसले. "मी बुजवलं होतं त्यापेक्षा फारच सफाईनं बुजवलंयस."