नऊ हात बाहेर

वरती विमानाचं इंजीन बंद झालं आणि पार्वताबाईंनी सुनेचं मनगट घट्ट धरलं.

शकुननं सासूला समजावलं की बंद पडलं नाही, त्यांनीच बंद केलं, परीक्षा हीच आहे. सन १९३८ चा नियम असा होता. दोन हजार फुटांवर इंजीन बंद करायचं, तसंच तरंगत खाली यायचं आणि मैदानातल्या लाल झेंड्यापासून पन्नास यार्डांच्या आत विमान थांबवायचं. आत थांबलं तर बाईंच्या लेकाला, खुशालरावांना, विमान चालवायचं लायसन, नाही तर सहा महिने घरी बसा.

पार्वताबाईंना हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर त्या सकाळी घोळ घालून बसल्या होत्या.

झेंड्याभोवती चुन्याचं रिंगण होतं. फ्लाइंग क्लबच्या माणसांनी काल ते साखळीनं मोजून आखलं, पण अकोल्याची गुरं काही नोटीस वाचून चरत नाहीत. सकाळपर्यंत निम्मा चुना खुरांनी गेला. पुन्हा आखायचं काम नत्थुजीकडे आलं. नत्थुजी हा बाईंच्या भातकुलीच्या वावरातला जुना गडी, आता इथे मैदान राखायला होता. पन्नास यार्डांचा दोर खुंटीला बांधून तो फेरा घालायला निघाला, तेव्हा बाई त्याला डबा द्यायच्या निमित्तानं गेल्या. पोरगा तीन दिवस नीट जेवला नाही म्हणाल्या. सगळे साहेबलोकांचे चोचले, चार हात इकडेतिकडे झाल्यानं कोणाचं काय बिघडतं, असंही म्हणाल्या. खुशालरावांना नत्थुजीनं खांद्यावर खेळवलेलं. त्यानं दोराला बैलाचा कासरा जोडला. रिंगण चहूबाजूंनी बारा हात वाढलं.

आता विमान गुपचूप खाली येत होतं. शेजारी मुंबईहून मेलनं आलेले परीक्षक हातात घड्याळ धरून उभे होते. चांगलं चालतं इंजीन मुद्दाम बंद कशाला करायला लावता, असं बाईंनी त्यांना विचारलंच.

परीक्षकांनी नजर वरच ठेवली. "बाई, एखाद्या दिवशी ते आपणहून बंद पडतं. खाली एवढंच रिकामं वावर असतं. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला घरं. हा आकडा कोणी खुर्चीत बसून काढलेला नाही."

बाईंनी चुन्याच्या रेषेकडे पाहिलं. सकाळी हे कोणी सांगितलं असतं तर त्या डबा घेऊन गेल्याच नसत्या.

विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, धावत सुटलं आणि रेषेच्या आत तीन हातांवर येऊन थांबलं. क्लबच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. नत्थुजीनं वाजवल्या नाहीत. तो बाईंकडे बघत होता.

आत आहे, असं म्हणून परीक्षकांनी फळीवर कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

खुशालराव धावत आले, आईच्या पाया पडले. लेकाचा एवढा फुललेला चेहरा बाईंनी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. लायसन हातात आलं की पहिली फेरी शकुनची, ते म्हणाले, थेट अमरावतीपर्यंत. शकुनला तेवढाही दम निघाला नाही. पदर खोचून ती विमानाच्या पुढच्या, उतारूच्या सीटवर जाऊन बसली आणि पट्टा कसा बांधायचा ते तिथूनच विचारू लागली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग परीक्षकांच्या हाताकडे पाहिलं.

"साहेब, सही नका करू," त्या म्हणाल्या. "रिंगण मोठं हाय. मीच मोठं कराले लावलं. नत्थुजीचा काई दोष नाई."

परीक्षकांनी साखळी मागवली. विमान नऊ हात बाहेर निघालं. परीक्षकांनी कागदावर आडवी रेघ मारली, सहा महिन्यांनी बोलावू म्हणाले आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं. शकुन सीटवरून खाली उतरली.

मोठं केलंस ते केलंस, पण मग सांगितलंस कशाला, असं खुशालरावांनी आईला विचारलं. आवाज लहान पोरासारखा झाला होता. "कोणाले समजलं असतं, आई?"

पार्वताबाईंना त्याच्याकडे बघवेना.

"इथचं रिंगण मी वाढवून देल्लं, बापा," त्या म्हणाल्या. "तू शकुनले घेऊन वर असशीन अन् इंजीन बंद पडन, तवा खालचं वावर कोन वाढवून देईन?"