दीड आटा

थोरल्याने ट्रकच्या बॉनेटला टेकू लावला आणि इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या पितळी स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला.

ट्रक जुना, दोघा भावांचा, एक दिवसाआड चालवायचा. थोरला डोंगरावरच्या खाणीत जायचा, धाकटा खाली बंदरावर. वर हवा विरळ. तिथे पेट्रोल कमी सोडावं लागतं, नाहीतर इंजिन काळा धूर ओकत उभ्याउभ्या बंद पडतं. खाली नेमकं उलट. म्हणून थोरल्याच्या दिवशी स्क्रू दीड आटा, म्हणजे दीड फेरा, उघडा, धाकट्याच्या दिवशी दोन. ज्याची पाळी, त्याने सकाळी आपल्यापुरता फिरवून घ्यायचा. तीन महिने दोघांत बोलणं नव्हतं. किल्लीसुद्धा हातात दिली जात नसे. दोन घरांच्या मधल्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असे.

“दोघांच्या तोंडांना कुलूप, आणि त्या बिचाऱ्या स्क्रूला मात्र उसंत नाही,” थोरल्याची बायको दारातून म्हणाली. “भाऊजींनी ट्रकच्या विक्रीचा कागद सही करून पाठवलाय. घेणारा संध्याकाळी येतोय.”

“काही म्हणाला?”

“तुम्हीच विचारा की. मी काय तुमचं पोस्ट ऑफिस आहे?”

थोरल्याने स्क्रूड्रायव्हर फिरवायला घेतला. आधी स्क्रू पूर्ण बंद करायचा आणि तिथून मोजत उघडायचा, ही त्याची पद्धत. बंद करतानाही तो आटे मोजायचा. धाकट्याचे दोन भरायचे, नेहमीच.

एक. सव्वा. दीड. स्क्रू टेकला.

आपलंच काहीतरी चुकलं असेल. त्याने दीड आटा उघडला, पुन्हा बंद केला. दीडच.

हादऱ्यांनी फिरला म्हणावं, तर स्क्रूखाली घट्ट स्प्रिंग होती. आणि हादऱ्यांनी स्क्रू सुटतो. आपणहून आवळला जात नाही. तोही नेमका अर्धा आटा.

त्याने भिंतीपलीकडे पाहिलं. धाकट्याच्या अंगणात कुणी नव्हतं. दाराशी बूट होते, बंदरावरच्या चिखलाने भरलेले.

थोरल्याने स्क्रू दीड आटा उघडून ठेवला, आत बसून स्टार्टर मारला. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. तो थोडा वेळ ऐकत बसला. मग खाली उतरून बॉनेट लावलं.

“घेणाऱ्याला कळव,” तो बायकोला म्हणाला. “येऊ नको म्हणावं.”

“आता हे काय नवीन? कारण काय सांगू?”

“उद्या धाकट्याची पाळी आहे.”

स्क्रूड्रायव्हर त्याने पेटीत टाकला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला. संध्याकाळी परत आल्यावर, किल्ली खिळ्याला टांगायच्या आधी, अर्धा आटा उघडायचा होता.