दाट थर
प्रीतमनं स्वतः बनवलेली सोलर काच घाटकोपरच्या घरात, नवव्या मजल्याच्या खिडकीला लावली. वीजही द्यायची, आरपारही दिसायचं. आई चहा घेऊन रोज तिथेच बसायची. “समोरच्या गच्चीवर तुझे बाबा उभे असतात रे. काच सरकवली की दिसत नाहीत.” बाबांना जाऊन वर्ष झालेलं. तो हसण्यावारी न्यायचा. पण त्याच्या कंपनीला जास्त वीज हवी होती, नाहीतर त्याची काच रिजेक्ट. त्यासाठी वीज बनवणारा आतला थर दाट करायचा, म्हणजे काच काळपट होणार. “नको ना रे, मग कसे दिसतील?” “भास आहे तो, आई!” त्यानं नवी काच बसवलीच. विजेच्या मीटरचा आकडा झकास चढला. आई चहा घेऊन तरीही तिथेच बसली. भरदुपारी, लख्ख उन्हात, मीटरचा आकडा धाडकन खाली आला. काचेवर बाहेरून माणसाएवढी सावली टेकली होती. आई हसली. “तिथून आपण दिसेनासे झालो ना, म्हणून जवळ आलेत.”